दोन ठोके

भुताच्या गोष्टी मध्यरात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

खिडक्या सताड उघड्या, खाली रस्त्यावर माणसांची ये-जा, आणि खोलीत माझी आत्या आणि मी. त्यामुळे अंधारात भास झाला असेल, असं मला कुणी समजावू नका. जे झालं ते सांगतेय, पदरचं काही घालत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान, माझे आतोबा, कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. कायमची रात्रपाळी. त्या घरघराटात त्यांचे कान पार कामातून गेले होते. एकदा कानाचं मशीन आणलं, तर ते शिट्ट्या मारायला लागलं. "माझ्या डोक्यात कुकर कुणी लावलाय?" म्हणत त्यांनी ते खणात टाकलं, ते कायमचंच.

बॉयलरच्या खोलीत तसंही कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथली माणसं पाइपावर ठोकून बोलतात. ठोका कानाला नाही, पाइपावर ठेवलेल्या हाताला कळतो. एक ठोका म्हणजे समजलं, चालू द्या. दोन ठोके म्हणजे थांबा, काहीतरी चुकतंय, परत बघा.

ही भाषा आतोबांनी घरी आणली होती.

दुपारी ते झोप काढून उठले की चहा व्हायचा आणि मग मालिका. आदल्या रात्रीचा भाग दुपारी परत दाखवायचे. मालिका ठकांच्या एका टोळीची होती. पण हे ठक गरिबाच्या वाटेला जात नसत. खोटी औषधं विकणारा, सिमेंटात माती मिसळून पूल बांधणारा, खुर्चीत बसून हात ओले करून घेणारा... असल्यांनाच गाठायचे आणि असं गंडवायचे, की तो भर सभेत आपली पापं आपल्याच तोंडाने ओकायचा. चोरावर मोर. आतोबांचा जीव होता त्या मालिकेवर.

पण ऐकू येत नाही, तर बघणार कशी?

आत्या टीव्हीशेजारी स्टुलावर बसायची. कान टीव्हीकडे, तोंड आतोबांकडे. जे कानावर पडेल ते नुसत्या ओठांनी त्यांना सांगायची आणि ते तिचे ओठ वाचायचे. म्हणजे मालिका लावून ही दोघं बसायची ती एकमेकांचं तोंड बघत. "लग्नात बघितलं नव्हतं एवढं आता बघावं लागतंय," आत्या म्हणायची.

आतोबांची लोखंडी नळ्यांची घडीची खुर्ची होती. हातात कायम कारखान्यातल्या हत्यारांच्या कपाटाची पितळी किल्ली. आत्याने एखादी ओळ गाळली, की किल्ली खुर्चीच्या नळीवर वाजायची.

टक टक.

आत्याचं मन हळवं. मालिकेत कधी लबाड माणूस निसटायचा, कधी टोळीतला म्हातारा पकडला जायचा. रात्री कामावर जाणाऱ्या माणसाच्या जिवाला घोर नको, म्हणून ती आपल्या मनाचाच शेवट लावून द्यायची. "पकडला हो त्याला."

लगेच... टक टक.

"खोटं बोलताना तुझी हनुवटी थरथरते," आतोबा हसायचे. "टोळीत कुणी घेणार नाही तुला."

मग एका पहाटे बॉयलर फुटला.

आत्या इस्पितळात पोचली तेव्हा आतोबा शुद्धीवर होते. बाहेर व्हरांड्यात कारखान्याचे दोन साहेब उभे होते. ते तिला म्हणाले, तपासणी अधिकारी येऊन गेले, तुमच्या यजमानांना डुलकी लागली होती, चूक त्यांचीच आहे. हा तपासणी अधिकारी कोण, हे आत्याला चांगलं ठाऊक होतं. गेल्याच महिन्यात तो बॉयलर बघायला आला होता. साहेबांच्या खोलीत चहा पिऊन, बॉयलरच्या खोलीत पाऊलही न टाकता, सगळं ठीक आहे म्हणून गेला होता. आतोबा घरी येऊन केवढे चिडले होते. आणि आता चौकशीही त्यानेच केली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

आत्या आत गेली.

"काय म्हणाले?" आतोबांनी विचारलं.

तिने वाकून ओठ त्यांच्या डोळ्यांसमोर नेले. "त्या तपासणीवाल्याला पकडलं. सगळ्यांसमोर कबूल केलं त्याने. तुमचं काही चुकलं नाही, असं सगळेच म्हणतायत."

आतोबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ.

दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांनी बांधलेले. ठोकणार कशाने?

संध्याकाळच्या आत ते गेले. तिचं बोलणं त्यांनी खरं मानलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. मानलं असेल, निदान समाधानाने गेले असतील, अशी तिने मनाची समजूत घातली. त्या एका समजुतीवर ती बाई उभी होती.

कारखान्याचा माणूस येऊन कपाटाची किल्ली परत घेऊन गेला.

पुढे बरेच दिवस टीव्ही बंदच होता. पण घरातली शांतता खायला उठते. एका दुपारी आत्याने टीव्ही लावला आणि सवयीने स्टुलावर जाऊन बसली. कान टीव्हीकडे, तोंड रिकाम्या खुर्चीकडे. ओठ आपोआप हलायला लागले. टोळीतली बाई नर्स बनून दवाखान्यात शिरली होती. ती एका पेशंटला म्हणाली, घाबरू नका, मी आहे ना.

ती ओळ आत्याला सांगवेना. ओठ थांबले.

आणि...

टक टक.

"भीती नंतर वाटली गं," आत्या मला म्हणाली. "आधी राहिलेली ओळ सांगून टाकली."

मग ती उठली. नळ बघितला, बंद होता. शेजारच्या घराला कुलूप होतं. खुर्ची रिकामी. तिने खुर्चीच्या नळीला हात लावला...

नळी गरम होती. खोलीच्या त्या कोपऱ्यात ऊन कधीच येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने एक ओळ मुद्दाम गाळली. दोन ठोके आले. तिसऱ्या दिवशी दोन ओळी गाळल्या. मग तिला तो नादच लागला. नीट सांगितलं तर खोलीत कुणीच नसायचं. चुकलं की ते असायचे. मग आत्या चुकायची. सबंध दिवस त्या एका चुकीची वाट बघत घरातली कामं उरकायची.

माझ्या वडिलांनी एकदा तिला असं रिकाम्या खुर्चीशी ओठ हलवताना पाहिलं. "ताई, वेड लावून घेशील," म्हणत त्यांनी खुर्ची घडी करून मागच्या गॅलरीत ठेवून दिली. आत्याने विरोध केला नाही.

त्या दुपारी तिने पुन्हा एक ओळ गाळली.

टक टक.

आवाज गॅलरीतून आला नाही. खुर्ची जिथे असायची, तिथूनच आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कारखान्यातला फिटर घरी आला. आतोबांबरोबर त्याच पाळीत असायचा. चहा ठेवला तर नको म्हणाला, दाराशीच बसला.

"वहिनी, त्यांना डुलकी लागली नव्हती," तो म्हणाला. "ते पाइपावर ठोकत होते. मी वरच्या मजल्यावर होतो, माझ्या हाताला कळत होतं. दोन... दोन... दोन. साहेबांच्या हुकमाशिवाय आग बंद करता येत नाही. मी त्यांना सांगितलं, आग बंद करा. ते म्हणाले, माल अर्धवट राहील, चालू दे. मग मी जीव घेऊन बाहेर पळालो. ते खालीच राहिले."

आत्याने एवढंच विचारलं, "शेवटपर्यंत ठोकत होते?"

"शेवटपर्यंत." मग तो खाली मान घालून म्हणाला, "चौकशीत मी तोंड उघडलं नाही. आणि तुम्ही कुठे बोललात, तर मी नाही म्हणेन. माझी पोरं लहान आहेत, वहिनी."

तो गेला. आत्याने त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याच्यासाठी ठेवलेला चहा तिने मोरीत ओतला.

मग एके दिवशी तिचा मला फोन आला. "ठमे, उद्या मालिकेचा शेवटचा भाग आहे. येशील का सोबतीला?"

तोवर मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मालिका बघायला सोबत कशाला लागते, असं वाटलं. पण गेले. मी गेल्यावर तिने हे सगळं मला सांगितलं, अगदी सरळ आवाजात, भाजी निवडता निवडता. मालिका संपली की ती चुकणार कशात, हा घोर तिला लागला होता. तो काही तिने बोलून दाखवला नाही. मी आपली मान डोलावत होते. खरं सांगायचं तर मनात म्हणत होते, बाबांना सांगून हिला डॉक्टरकडे न्यायला हवं.

मालिका लागली. आत्या स्टुलावर, मी भिंतीशी पलंगावर. समोर फरशीवर खुर्चीच्या पायांचे डाग तेवढे राहिले होते.

शेवटच्या भागात टोळीने एका बड्या अधिकाऱ्याला गाठलं होतं. तो भरल्या सभागृहात माइकसमोर उभा राहिला. मी टीव्ही ऐकत होते आणि आत्याचे ओठ बघत होते. त्या दिवशी तिने एक अक्षर गाळलं नाही. शेवटचा भाग होता, तो तिला आतोबांना पुरता सांगायचा होता.

अधिकारी म्हणाला, मी कबूल करतो, सगळी चूक माझीच आहे.

आत्याचे ओठ तेच म्हणाले.

टक... टक.

मी ऐकलं. लोखंडावर पितळ वाजतं तसा आवाज होता. माझ्यापासून चार हातांवर, मोकळ्या हवेत.

आत्याचा चेहरा पांढरा पडला. तिने तीच ओळ पुन्हा सांगितली.

टक टक.

"आत्या, तू बरोबर सांगितलंस..." माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"माहितीये मला."

तिने तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी ठोके इतके जोरात आले, की माझ्या हाताखालची पलंगाची लोखंडी कड थरथरली.

आत्याने टीव्ही बंद केला.

खोलीत काहीच आवाज उरला नाही. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. आधी नुसते ओठ हलले. मग हळूहळू आवाज फुटला.

"नाही पकडलं त्याला. कुणी काही कबूल केलं नाही. तुमच्यावरच ढकललं सगळं. झोपलात म्हणाले. तो अजून त्याच खुर्चीत आहे, अजून तसाच चहा पिऊन जातो. मी खोटं बोलले तुमच्याशी. हात बांधून पडला होतात, मला वाटलं, निदान जाताना तरी... तुम्ही ठोकत होतात, अहो. मला कळलंय आता. शेवटपर्यंत ठोकत होतात. कुणी थांबलं नाही."

मी तिच्या हनुवटीकडे बघत होते. ती जराही थरथरत नव्हती.

बराच वेळ काही झालं नाही. खालून एक सायकल घंटी वाजवत गेली.

मग...

टक.

मी दुसऱ्या ठोक्याची वाट बघत बसले. तो आला नाही.

"समजलं त्यांना," आत्या म्हणाली. आणि मग ती रडली. ते गेले त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मी तिला जवळ घेऊन बसले, पण माझी नजर त्या फरशीवरून हटत नव्हती.

तो ठोका शेवटचा होता.

आता ती मालिका दुपारी पहिल्या भागापासून परत दाखवतायत. गॅलरीतली खुर्ची आत्याने जागेवर आणून ठेवली आहे. रोज ती स्टुलावर बसते आणि वाट्टेल ते चुकते. अख्खेच्या अख्खे प्रसंग गाळते. लबाडाला पहिल्या पाच मिनिटांत तुरुंगात घालते. म्हाताऱ्याला मारून टाकते, परत जिवंत करते.

"कितीही चुकले तरी टोकायला कुणी नाही गं," ती म्हणते. "खरं बोलले आणि माणूस घालवून बसले."

आमच्याकडे राहायला ये म्हटलं, तर येत नाही.

मी अधूनमधून जाते. घरात शिरताना आजही पाय अडखळतो, खोटं कशाला सांगू. तरी निघताना, तिचं लक्ष नाही असं बघून, खुर्चीच्या नळीला हात लावून बघते. परवाही लावला. आत्या ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"गरम आहे का गं?" तिने न वळताच विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही, आत्या."

तिने ओटा पुसून घेतला. मग म्हणाली, "परत एकदा बघ."

मी परत हात लावला. नळी गारच होती.