अर्धं सारवलेलं अंगण

जिवलीचा फोन आला तेव्हा फौजदार प्रेमा निमसे शहापूरच्या ठाण्यात सकाळचा पहिला चहा घेत होत्या. जिवली डोळखांबच्या पीसीओवरून बोलत होती. तिची आई गुणाबाई कालपासून घरात नव्हती. चुलतभाऊ जगन सांगत होता, काकी तुझ्याकडेच निघाली. पण गुणाबाई डोळखांबला पोचलीच नव्हती.

"बाई, ती त्या भिंतीच्या आतच हाय," जिवली म्हणाली. "मना ठाव हाय." 

ती भिंत आसनगावजवळच्या नव्या बंगल्यांच्या वसाहतीची होती. दोन हजार तीनचा एप्रिल चालू होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी प्लॉटशिवाय दुसरा विषय नव्हता. जगनने आणि भावकीने जमिनी विकल्या. गुणाबाईने आपलं घर आणि विहीर विकली नाही. मग काय, चारी बाजूंनी पुरुषभर उंच भिंत आली आणि म्हातारी वसाहतीच्या पोटात अडकली. बाहेर पडायचं तर एकच गेट, त्यावर रखवालदार.

नगररचना खात्याने मंजुरी देताना दोन अटी घातल्या होत्या. आतल्या घराला सहा मीटर रुंद रस्ता सोडायचा, आणि तिच्या विहिरीजवळ संडासाची टाकी बांधायची नाही. कागदावर सगळं झकास होतं. प्रत्यक्षात त्या रस्त्यावर विटांचे ढीग होते आणि म्हातारी पदर सावरून त्यांच्यामधून आडवी निघायची. गुरं तर तिथून जाईनात, म्हणून ती तिने कधीच विकून टाकली होती.

प्रेमाबाई आत शिरल्या आणि त्यांना स्वतःलाच घुसमटल्यासारखं झालं. ऊन भिंतींवर आपटून अंगावर येत होतं. हवालदार धाऊ याने बंगले पाहिले, विहिरीत गळ टाकला, बंगल्यांच्या संडासाच्या टाक्यांची झाकणं उघडून पाहिली. काही नाही.

रखवालदार मंगळ्या घाबरून गेला होता.

"म्हातारी गेटातून बाहेर पडली?"

"नाय बाई. मी दिसभर हितंच व्हतो."

"आत कोण आलं होतं?"

"जगनशेट, ट्रॅक्टर घेऊन. मुरूम टाकला नि दुपारी गेला. ट्रॉली रिकामी व्हती, मी सोता बघितली. नि शेखरसाहेब, ते सांजचे गेले."

आणखी एक गोष्ट त्याने आपणहून सांगितली. काल सकाळी कामावर येताना गुणाबाईला त्यानेच पाड्यावरून पाटीभर शेण आणून दिलं होतं. तिला अंगण सारवायचं होतं.

प्रेमाबाई अंगणात गेल्या. चुलीकडची बाजू ताजी सारवलेली होती, बोटांच्या कमानी स्वच्छ उमटल्या होत्या. तुळशीकडची बाजू कोरडी, पोपडे निघालेली. शेण कालवलेलं घमेलं मधोमध रिकामं पडलं होतं. त्या बराच वेळ उकिडव्या बसून त्या घमेल्याकडे पाहत राहिल्या. धाऊला वाटलं, बाईंना ऊन लागलं.

मग त्यांनी साइट सुपरवायझर शेखरला बोलावलं. तो कल्याणचा, बोलायला गोड. गोदामाच्या, गेटाच्या, सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला.

"विहिरीजवळही एक टाकी दिसते. अट असताना?"

"चुकून बांधली गेली, मॅडम. म्हातारीने तक्रार केली, नगररचनेच्या साहेबांनी ती बंद करायला लावली. मग मातीने भरून घेतली. जगनकडेच ते काम होतं."

"आणि म्हातारी गेली, रस्ता रद्द झाला, तर त्या जागेवर काय होणार?"

शेखरने रुमालाने मान पुसली. म्हणाला, तिथे प्लॉट पडेल. तो जगनला द्यायचा, असा बिल्डर शेठनी शब्द दिला आहे.

जगन आला तो डोळे लाल करूनच. काकीने त्याला लहानाचा मोठा केला होता, हे त्याने दोनदा सांगितलं.

"तुम्ही तिला शेवटचं कधी पाहिलं?"

"काल, निघताना. अंगन सारवून झालं व्हतं तिचं. हात धुतले नि म्हनाली, जिवलीकडं जाते."

"सगळं अंगण?"

"व्हय. सगळं."

"आणि विहिरीजवळची टाकी तुम्ही मातीने भरलीत?"

"काठोकाठ."

प्रेमाबाई त्याला आणि शेखरला बरोबर घेऊन तडक विहिरीकडे निघाल्या. टाकीवर वाळलेल्या गवताचे भारे पडले होते. त्यांनी भारे ओढले. काँक्रीटच्या झाकणाच्या कडा चहूबाजूंनी लिंपलेल्या होत्या. वाऱ्यासाठी वर काढलेल्या पाइपाला त्यांनी कान लावला आणि धाऊच्या अंगावर ओरडल्या, "पहार आण. धाव."

झाकण सरकलं. टाकीत मातीचा एक कणही नव्हता. खाली कोपऱ्यात गुणाबाई मुरगळलेल्या पायावर बसून होती. जिवंत होती. डोळे मिटून, भिंतीला टेकून, ओठ हलवत होती.

तिला खाटेवर घालून सावलीत नेलं. दवाखान्याची गाडी बोलावली. मंगळ्या तिच्या तोंडात चमच्याने पाणी घालू लागला. मग प्रेमाबाई वळल्या. शेखर पांढराफटक पडला होता. जगन त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "किल्ल्या याच्याकडं अस्तात."

"म्हणूनच तो नाही," प्रेमाबाई म्हणाल्या. "त्याच्या गोदामात सिमेंट भरलंय. त्याला झाकण बुजवायचं असतं तर त्याने सिमेंट वापरलं असतं. हे शेणमातीने लिंपलंय. कणगीत भात भरलं की झाकण असंच लिंपतात, एक भेग न ठेवता. कल्याणच्या माणसाचा हा हात नव्हे."

प्रेमाबाई जगनकडे वळल्या.

"शेण आख्ख्या अंगणाचं एकदम कालवतात. इथे अंगण अर्धं कोरडं आणि घमेलं रिकामं. उरलेलं शेण गेलं कुठे, एवढंच मला शोधायचं होतं. तुम्ही म्हणालात अंगण पुरं झालं. म्हणालात टाकी काठोकाठ भरली. ती पोकळ आहे हे ज्याने ती भरलीच नाही त्यालाच माहीत. बाकी सगळ्यांना, धाऊलासुद्धा, ती भरलेलीच वाटली, म्हणून कोणी उघडली नाही. पाइप मात्र तुम्ही विसरलात. त्या पाइपाने ती वाचली."

जगनने हात जोडले. "मी ढकललं नाय. टाकी भरायची राहिलीय, ये बघाया, मग काय ती तक्रार कर, म्हनालो. ती वाकली नि पाय सरकला तिचा. देवाशपथ."

"मग हात का नाही दिलात?"

 प्रेमाबाईंना त्याचा इतका संताप आला की बेडी घालायला त्यांनी धाऊला पुढे केलं.

खाटेवर गुणाबाईने डोळे उघडले. कोणीतरी हाक मारतंय का, ते ती ऐकत असावी. प्रेमाबाई तिच्याजवळ वाकल्या. म्हातारीने त्यांचं मनगट धरलं.

"जगन दोर आनाया गेलाय," ती म्हणाली. "मना ऊन लागू नये म्हनून वरती झाकून गेला. कालधरनं आला नाय. बाय, त्याला वाटंत काय झालं तर नाय ना?"