आडवं ताणणारं कापड

प्रतिभा भोईर कॅम्प तीनच्या जीन्स बाजारात शेअर रिक्षातून उतरली ती ताणणारं कापड शोधत. कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची, कृष्णविवरांवर संशोधन करायची. गुरुत्वाकर्षणानं अवकाश कसं वाकतं ते दाखवायला तिला रिंगणावर कापड ताणायचं होतं. मधे लोखंडी गोळा ठेवायचा, कडेनं गोटी सोडायची. ती गोल फिरली की धडा झाला.

जीन्सचा कारखाना चालवणाऱ्या धर्मेशनं सगळं ऐकलं, तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि स्ट्रेच डेनिमचा तुकडा दिला. वर्गात गोटी लांबट फिरली, मुलं हसली.

पुढच्या शनिवारी ती दुसरा तुकडा घेऊन गेली, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरा. गोटी सुधारली नाही. चहा मात्र दर वेळी झाला. कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही हे ऐकून धर्मेश म्हणाला, असं दुकान त्याला चालेल. ती हसली, आणि आपण हसलो हे तिला घरी गेल्यावरही आठवत राहिलं.

मग पुण्याच्या संस्थेचं पत्र आलं. दोन वर्षं संशोधन, सोमवारी हजर. चौथ्या शनिवारी तिनं ते त्याला सांगितलं आणि तिन्ही तुकडे टेबलावर ओढून दाखवले.

"हे फक्त आडवं ताणतं. उभं नाही."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, जीन्सवाला हूँ मैं. मला नाही तर कोणाला माहीत असणार?" तो टेप गुंडाळत राहिला. "बरोबर कापड दिलं असतं… तर तुम्ही परत आला असता?"

तिला राग यायला हवा होता. आला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात तीही काही कमी नव्हती.

"अंबरनाथला माझ्या बिल्डिंगखालीच सगळीकडून ताणणाऱ्या लायक्राचं दुकान आहे," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला."

धर्मेशनं खणातून एक कापड काढलं. चारी बाजूंनी ताणणारं, तिच्या रिंगणाच्या मापानं शिवलेलं, कडेला इलॅस्टिक घातलेलं. दुसऱ्या शनिवारपासून तयार होतं.

"घेऊन जा. पुण्यात लागेल."

तिनं ते हातात घेतलं, एकदा ताणून पाहिलं, आणि घडी करून त्याच्याच खणात ठेवलं.

"इथंच राहू दे," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी पुण्याहून निघाले तर दुपारपर्यंत पोचेन मी."

चहा केव्हाच निवला होता. दोघांनी तो तसाच प्यायला.