चौदा मीटरची चूक

आमची ओळख चिखलात झाली. खोदकामातून वर येणारा दगडांचा चुरा उचलायला मी चाळणीवर वाकले, पाय घसरला आणि थेट ड्रिलरच्या अंगावर…

"आजच धुतले होते कपडे," तो म्हणाला, आणि हसला.

कमी बोलायचा म्हणून सगळे त्याला मुनी म्हणत. माझ्याशी मात्र मुनीचं मौन रोज थोडं थोडं सुटत गेलं.

डोंगराच्या भाराने खचलेल्या पायथ्याच्या जमिनीत आम्ही तेल शोधत होतो. पाइप मोजत खोदायचं त्याने. चुरा पाहून वाळूचा थर किती खोल ते सांगायचं मी. चुरा वर यायला तासभर लागतो, तो वर ढकलणाऱ्या पंपांपैकी एक बंद असला तर जास्तच. त्या दुपारी एक पंप बंद होता, आणि मी बाईसाहेब ड्रिलरकडे बघत नेहमीच्या तासाभराच्या हिशेबाने खोली लिहून मोकळी. चौदा मीटर चुकले. वाळूचा नमुना काढायला गेलो, तर वर आली नुसती चिकणमाती.

पाइप मोजण्यात ड्रिलर चुकला, असं मोठ्या साहेबांनी ठरवलं. त्याला परवाच्या गाडीने परत पाठवायचं ठरलं. संध्याकाळी वही उघडली आणि माझी चूक मला दिसली. तरी मी मूग गिळून बसले. दोन दिवस! जेवताना तो समोर बसायचा, आणि मी ताटातच बघत जेवायचे.

गाडीत त्याची बॅग चढली, तेव्हा कुठे मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. तोही तिथेच सही करत होता.

"पाइप बरोबर मोजले होते, साहेब. चूक माझी आहे… आणि ती मला परवापासून माहीत आहे."

शेवटचं वाक्य बोलताना लाजेने माझे कान तापले. साहेबांनी त्याची बॅग उतरवायला सांगितली आणि मला माझी भरायला.

माझी बॅग त्यानेच गाडीपर्यंत आणली. माझी चूक त्याच्या लक्षात आली होती का, असं मी विचारलं.

"पंप बंद झाल्याचं मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. आज सकाळी… आशा सोडली होती."

याहून त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी गाडीचं दार उघडलं.

"पंधरा दिवसांनी माझी सुट्टी आहे," तो म्हणाला. "पत्ता द्या."

"अजूनही — यावंसं वाटतं?"

"राग आहे. तो घेऊनच येईन."

मी पत्ता लिहून दिला. मान मात्र वर झाली नाही.