आठ वायरी आणि रिकामी सीट

हे मी कुणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. रोज देवासमोर बसणारी बाई आहे मी, खोटं बोलवत नाही. जे घडलं तेवढंच सांगते.

गेल्या मार्गशीर्षातला सोमवार. बडोद्याबाहेर नंदेसरीच्या रस्त्यावर आमची पत्र्याची शेड आहे, तिथे. रात्र नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते.

माझे यजमान रमाकांत लोडरचं इलेक्ट्रिक काम करायचे. कारखान्यात तो बुटका लोडर असतो ना, एका माणसाच्या केबिनचा? त्याला पुढे नुसती बकेट असते. तिच्या जागी फिरता झाडू किंवा ड्रिल लावायचं, तर त्याला वीज द्यावी लागते. मग केबिनमधल्या लिव्हरच्या बटणांपासून पुढच्या लोखंडी हातापर्यंत वायरी ओढायच्या आणि टोकाला सॉकेट बसवायचं. हे त्यांचं काम. माझी बोटं बारीक, म्हणून वायरींच्या टोकांना लग, म्हणजे धातूची टोपणं, दाबून बसवायचं काम माझ्याकडे. बावीस वर्षं.

ते जाऊन आठ महिने झाले होते. झोपेतच गेले. मी शेजारी होते आणि मला कळलंही नाही.

दर सोमवारी माझं मौन असतं. सकाळच्या पूजेपासून दिवेलागणीपर्यंत. हे चिडवायचे, "लोक शांततेसाठी हिमालयात जातात, मला दर सोमवारी घरपोच मिळते." आणि मग स्वतःही माझ्याबरोबर गप्प राहायचे.

वायरी तपासताना ते केबिनमध्ये सीटवर बसून बटण दाबायचे. मी पुढे सॉकेटपाशी टेस्ट लॅम्प धरायची. दिवा लागला की पान्याने लोखंडावर एक ठोका. म्हणजे हो. नाही लागला तर दोन. तेही आतून ठोक्यानेच उत्तर द्यायचे.

ते गेल्यावर मौन मी त्यांच्या नावाने पाळू लागले. त्यांना गती मिळावी म्हणून.

त्या दिवशीचा लोडर शेवटचा त्यांनी हाती घेतलेला. अर्धवट राहिला होता. मला तो पुरा करायचा होता.

सीटवर दिग्विजय बसणार होता. लोडर ज्या प्लांटचा, तिथला सुपरवायझर. बडोद्यात गोत्रीला आमच्याच सोसायटीत राहतो. पण अडीचला त्याचा फोन वाजला.

"काकी, सॉरी हां. साहेबांनी बोलावलंय. साडेसहाला ट्रेलर घेऊन येतो, तेव्हा बसतो. तोवर तुम्ही वायरी जोडून ठेवा. चालशे ने?"

मी मान हलवली.

"तुमची बोलणी खायची असतील तर मंगळवारी यायला पाहिजे," असं म्हणून हसत गेला.

आजूबाजूच्या शेडना सोमवारी सुट्टी असते. तो गेला आणि सगळं एकदम थांबल्यासारखं झालं. पत्रा उन्हाने तडकायचा, तेवढाच आवाज.

साडेतीनपर्यंत आठही वायरी जोडून झाल्या. किल्ली फिरवून ठेवली. इंजिन बंदच होतं. लॅम्पची क्लिप पहिल्या पिनेला लावली… सवयीने. खरं तर लावून काही उपयोग नव्हता.

या यंत्राची खोड आहे. सीटवर माणसाचं वजन हवं आणि मांडीवरचा दांडा खाली हवा. नाहीतर लिव्हरची बटणं मेलेली. काही जण सीटवर सिमेंटची गोणी ठेवून तपासणी उरकतात. यांना ते अजिबात खपायचं नाही. "उद्या झाडूपुढे कुणाचा पाय आला तर गोणी बटण सोडणार आहे का?" म्हणायचे.

सीट रिकामी होती. मी मनात जप करत बसले होते.

आणि…

लॅम्प लागला.

लॅम्प विझला. पुन्हा लागला.

शॉर्ट असेल, म्हटलं. हात मात्र आपोआप गेला. पान्याने एक ठोका दिला.

केबिनमधून…

टक.

एक.

मी बसले होते तिथून केबिनची बाजूची जाळी तेवढी दिसत होती. उभं राहून दोन पावलं पुढे गेले असते, तर आतलं सगळं दिसलं असतं.

मी उठले नाही. उठले आणि आत कुणी नसलं तर?

क्लिप दुसऱ्या पिनेला लावली. दिवा लागला. ठोका. टक.

तिसरी. चौथी.

पाचवीला लागला नाही. मी दोन ठोके दिले. वायर ओढून पाहिली, लग ढिली. नवी दाबली. तेवढा वेळ आत कुणीतरी थांबलं होतं. घाई न करता. यांच्यासारखंच.

मग लागला.

आठवी झाली तेव्हा माझे डोळे वाहत होते. तोंडातून हाक येत होती, मी ती गिळली. त्यांच्यासाठीच धरलेलं मौन मोडायचं कसं? आणि ते इथेच असतील, तर त्यांना गती मिळाली नाही, हे मला वाईट वाटायला हवं होतं ना?

नाही वाटलं. चाकाला पाठ टेकून मी बसून राहिले. मधूनच एक ठोका द्यायची. उत्तर यायचं. घरी दोघं एका खोलीत आपापलं काम करत बसायचो, तसं.

ऊन उतरलं. शेडमधल्या देवापुढे दिवा लावला. हात जोडले. मौन सुटलं.

दिवसभर न वापरलेला आवाज घोगरा झाला होता.

"अहो… तुम्हीच ना?"



रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज पार विरला…

टक.

मी हसलेसुद्धा.

टक.

दोन.

दोन म्हणजे नाही. तरी त्या दोन पावलांएवढी पुढे गेले.

सीट रिकामी. तिच्यावरच्या प्लास्टिकला सुरकुती नाही. मांडीवरचा दांडा वर उचललेला, मी ठेवला होता तसाच. आत ठोकायला पाना नव्हता. शेडमधला एकुलता एक पाना माझ्या हातात होता.

दिग्विजय आला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी होते. त्याने सीटवर बसून आठही बटणं दाबून पाहिली.

"एक नंबर, काकी! पाचवीची लगपण नवी दिसते. एकटीने कसं कळलं तुम्हाला?"

मी पाना पुसून ठेवला. त्याला वाटलं, मौन अजून चालू आहे.

आता मी सोमवारी शेडवर जात नाही. पण एक गोष्ट कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते. भीती कमी झाली आहे. हे गेल्यापासून तेवढी एकच दुपार मला एकटं वाटलं नव्हतं.

ते हे नव्हते.

मग मी अडीच तास कुणापाशी इतकी सुखाने बसले होते?