काढून टाकलेला आवाज

काम तसं साधंच होतं. विभागप्रमुखांचं भाषण रेकॉर्ड करायचं, आवाज साफ करायचा आणि प्रवेशाच्या दिवशी पालकांना दाखवायच्या फिल्मला जोडायचा. 'तिरसट' रेकॉर्डिंगच्या खोलीची किल्ली मागायला शिपाईकाकांकडे गेली. हे नाव तिला विभागानेच दिलेलं. प्रश्न विचारणाऱ्या पोरीला दुसरं काय नाव देणार? कॉम्प्युटिंग आणि डिजिटल मीडियाच्या पदवीचं हे तिचं शेवटचं वर्ष. फिल्म झाली तर प्रोजेक्टवर सही, नाहीतर वर्ष बोंबललं. विभागप्रमुख सरांनी हे इतक्या मायेनं सांगितलं होतं, की ही धमकी आहे हे तिला जिना उतरल्यावर कळलं.

"किल्ली स्वतःजवळच ठेव गं," शिपाईकाका म्हणाले. "दाराला आतून मूठ बसवलेली नाही अजून."

"अजून?"

"अर्ज वर गेलाय."

वर म्हणजे कुठे, हे त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती मूठ नव्हती म्हणूनच 'गोगलगाय' गेला. तिच्या पुढच्या वर्गातला, हळू बोलणारा, दम्याचा मुलगा; हे नावही विभागाचंच. एका संध्याकाळी तो आत काम करत बसला होता. कुणीतरी बाहेरून दार लोटलं, खटक्याचं कुलूप लागू दिलं आणि घरी जाऊन जेवलं. कोणी, ते आजवर कुणी विचारलं नाही. आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच ती खोली बांधलेली. नाही गेला. मग मोठी माणसं जमली आणि सगळ्यांनी एकच सूर लावला: मुलगा मुळात आजारीच होता. कागदोपत्री त्यानं शिक्षण सोडलं. मेलेल्या मुलानं शिक्षण सोडलं म्हणे! तिच्या वडिलांनीही जेवता जेवता बजावलं होतं, "मोठ्यांच्या भानगडीत नाक खुपसू नकोस. डिग्री घे आणि नीघ."

खोलीच्या भिंतींना काळा स्पंज. वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेसारखा वास. काचेपलीकडे सर माइकसमोर बसले आणि घसा साफ करून म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक मुलाचा आवाज ऐकला जातो..."

भाषण संपल्यावर तिनं हात वर केला. या कामाचा रिवाजच आहे: बोलणं झालं की सगळ्यांनी गप्प बसायचं आणि खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. त्या शांततेची कॉम्प्युटरला ओळख करून दिली, की बोलण्यामागची तेवढीच घरघर तो नेमकी उपसून काढतो.

सर चहाला गेले. तिनं हेडफोन चढवले. सरांचा आवाज लख्ख निघाला होता. उपसलेला गाळही ऐकून पाहायची तिची सवय. यंत्रांची गुणगुण... वायरींची सळसळ... आणि खाली, अगदी खाली, कुणीतरी लाकडावर तळहात आपटत होतं. थांबून थांबून. मग ओढून घेतलेला श्वास, चाळणीतून वाळू गळावी तसा.

"सर... मी आत आहे..."

तिनं मान वर करून पाहिलं. काचेपलीकडे रिकामी खुर्ची होती, दुसरं काही नाही.

"मी ऐकतेय," ती पुटपुटली.

आपटणं थांबलं. रेकॉर्ड झालेल्या आवाजातलं आपटणं थांबलं! पलीकडून कुणी दाराला कान लावून उभं राहावं, तशी शांतता पसरली. आणि मग पुन्हा... आता घाईनं.

सर आले तेव्हा तिनं हेडफोन त्यांच्या हातात दिले. ते बराच वेळ ऐकत राहिले.

"यंत्राचा आवाज आहे हा," ते शेवटी म्हणाले. मग हलक्या आवाजात, "काढून टाक."

"काढलेलंच आहे, सर. काढलेलंच ऐकताय तुम्ही."

"हे बघ बाळ..."

"बाळ नका म्हणू."

"सही हवी आहे ना तुला?"

सही हवी होती. कुणाला नको असते? पण तिनं तो सगळा गाळ उचलला आणि सरांच्या आवाजाखाली जसाच्या तसा परत घातला.

घरी वडिलांनी विचारलं, "झाली का सही?"

"नाही होणार."

"म्हणजे तीन वर्षं घालवलीस?"

"माझी तीनच गेली, बाबा. त्याची सगळी."

प्रवेशाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. आईबाप ताठ बसलेले, शेजारी आपापली पोरं. फिल्म सुरू झाली. "आमच्याकडे प्रत्येक मुलाचा आवाज ऐकला जातो," पडद्यावरचे सर म्हणाले. त्याखालचं आपटणं स्पष्ट ऐकत तिरसट मागच्या भिंतीला टेकून लोकांचे चेहरे पाहत होती. आता कुणीतरी दचकेल, कुणीतरी ओरडून विचारेल, हे काय आहे?

आईबापांपैकी कुणीच दचकलं नाही. माना डोलत होत्या. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी उचलून धरल्या. तिला वाटलं, आपलंच डोकं फिरलं असावं.

इतक्यात तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. मग त्याच्यामागची मुलगी. मग इकडे एक, तिकडे दोघं, करता करता सभागृहातली सगळी पोरं. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. सगळ्यांचे चेहरे पांढरे पडलेले.

"बसा, बसा," सर स्टेजवरून हसत म्हणाले. कपाळ मात्र घामानं डबडबलं होतं.

त्या मुलीनं वडिलांची बाही धरून ओढली. "बाबा... तो ठोठावतोय, दार का नाही उघडत कुणी?"

बाप वैतागून इकडेतिकडे पाहू लागला. सभागृहाची सगळी दारं सताड उघडी होती.