चौथं नाव

"तीनच नावं पाठवते मग! पण आई, एकदा स्पष्ट सांगून टाका... माझ्याबरोबर यायचं नाही, म्हणूनच ना हे गुडघ्याचं निमित्त?"

सूनबाईचा आवाज कापरा झाला आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या नकाशावरून फिरणारं भूगोलाच्या बाईंचं बोट जागच्या जागी थिजलं. बत्तीस वर्षं त्यांनी वर्गावर्गांतून ऱ्हाइन नदी शिकवली होती, आल्प्समधल्या तळ्यापासून थेट उत्तर समुद्रापर्यंत, अशी की दुपारच्या तासाला पेंगणारी पोरंसुद्धा खडबडून जागी होत. प्रत्यक्षात मात्र त्यांनी तिचा एक थेंबही पाहिला नव्हता! निवृत्तीनंतर मुलाने युरोपचा विषय काढला, तेव्हा बाईंनी आठवडाभरात अख्ख्या सहलीचा आराखडा स्वतःच्या हाताने लिहून काढला, उगमापासून मुखापर्यंत, धड्यात होता तसाच. मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, जुलैत सगळं जग तिकडे लोटतं गं! सप्टेंबरात जाऊ, निवांत." पण बाई हट्टाला पेटल्या. वितळलेल्या बर्फाचं पाणी तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलैतच, भरात असतं. ऱ्हाइनचा धबधबा बघायचा तर तेव्हाच, नाहीतर घरी बसून नळ बघावा!

भर हंगामात खोल्या मिळवताना सूनबाईच्या नाकी नऊ आले. उगमाजवळच्या गावात चार खाटांची एकच खोली उरली होती, आणि लॉजवालीने निक्षून कळवलं होतं, आज संध्याकाळी सहापर्यंत चारही नावं आली नाहीत तर चौथी खाट दुसऱ्याला जाईल. साडेपाच वाजून गेले होते. मुलगा ऑफिसात, नात शिकवणीला, आणि घरात या दोघी समोरासमोर.

"खरंच दुखतात गं गुडघे," बाई नकाशाच्या कडेकडे बघत पुटपुटल्या.

खरं कारण आतल्या खोलीत खुर्चीवर बसलं होतं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांच्या यजमानांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हापासून बाई त्यांना दोन्ही वेळा स्वतः भरवत. वन्सं सोबतीला येऊन राहायला एका पायावर तयार होत्या. पण दुसऱ्या कुणाच्या हातून ते जेवतील का, हे बघायला बाईंनी मार्चमध्ये एकदा वाटी सूनबाईकडे दिली. यजमानांना ठसका लागला, डोळे पांढरे झाले... आणि बाईंनी एक अक्षरही न बोलता तिच्या हातातून वाटी हिसकावून घेतली! त्याच दिवशी स्वतःचं नाव त्यांनी मनातून खोडून टाकलं. सूनबाईच्या अंतःकरणात ती वाटी किती खोल रुतली, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

"खोटं!"

दोघी दचकल्या. काठी टेकत यजमान दारात उभे होते.

"गुडघे... ठणठणीत आहेत तिचे! पहिल्याच दिवशी... उगमापर्यंत दोन तासांची चढण आहे ना... म्हणून रोज दुपारी... चार मजल्यांचा जिना... दहादा चढायची. मार्चपर्यंत. आत बसून... मी मोजायचो!"

"अहो, तुम्ही आत बसा बघू..."

"नाही बसत! सूनबाई... वाटी आण."

सूनबाईने सूपची वाटी आणली आणि तिच्यासोबत एक चमचा, दांड्याला कापड गुंडाळून जाड केलेला. असला चमचा आपल्या घरात आहे हे बाईंना ठाऊकच नव्हतं. यजमानांनी तो डाव्या हाताने उचलला. पहिला चमचा थरथरत थेट फ्रान्सवर सांडला. बाईंचा हात आपसूक पुढे झाला, पण यजमानांनी असे डोळे वटारले की तो तिथेच थांबला! दुसरा चमचा हळूहळू वर गेला... ओठांपर्यंत पोचला... आणि ठसका न लागता घास खाली उतरला.

"हे... हे कधी शिकलात?"

"तू बाजारात गेलीस की... ही शिकवायची. रोज."

सूनबाईने पदरात तोंड लपवलं. "नीट जमल्याशिवाय सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती बाबांनी. त्या दिवशी माझ्या हातून त्यांना काही झालं असतं तर... आई, मलाच माझी भीती वाटत होती हो! आणि तुम्ही यायचं नाही म्हणालात, तेव्हा वाटलं, मीच नकोशी झालेय तुम्हाला."

बाईंचा बांध फुटला. "चुकले गं मी! भीतीने वाटी हिसकावली... आणि नंतर चार शब्द बोलायला माझी जीभ उचलली नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तपासल्या, स्वतःची तेवढी तपासायची राहिली!" त्यांनी सूनबाईला छातीशी घट्ट धरलं आणि कितीतरी वेळ दोघी नुसत्या रडत राहिल्या.

"सहाला... दहा कमी," यजमानांनी आठवण करून दिली.

सूनबाई धावतच लॅपटॉपपाशी गेली. बाई यजमानांच्या हनुवटीवरचं सूप पुसू लागल्या, तेव्हा ते म्हणाले, "बत्तीस वर्षं... न बघता शिकवलंस. आता बघून ये. आणि परत आलीस की... मला शिकव."

तेवढ्यात सूनबाईने विचारलं, "आई, चौथं नाव पाठवलं! आता काठाकाठाने जाणाऱ्या त्या आगगाडीत तुम्हाला खिडकी कुठली घेऊ?"

"उजवीकडची," डोळे न पुसताच बाई म्हणाल्या. "नदी त्या बाजूला आहे. आणि हे बघ, माझ्याशेजारची जागा तू घे."