पियुष नावाची पट्टी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी भाविका चुकून पियुषच्या खुर्चीत बसली. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास… आणि समोरच्या स्क्रीनवर एकच लांबलचक हिरवी पट्टी.

"मॅडम, ती खुर्ची माझी."

"आणि ही पट्टी?"

"तीही माझीच. काय करणार."

जळगावातलं हे ऑफिस केळीबागांना ठिबकनं पाणी सोडणारा प्रोग्राम लिहायचं. त्यात एकाच वेळी कितीतरी कामं चालत. प्रत्येक काम म्हणजे एक थ्रेड. कोण राबतंय, कोण थांबलंय, हे प्रोफायलर नावाच्या तपासनिसानं वेगवेगळ्या पट्ट्यांत दाखवायला हवं; दिसत होती एकच.

"कोडमध्ये नावं तर छान दिलीत — पंप, झडप, ओलावा. मग दिसत का नाहीत?"

"रुसलेत."

"मुख्य थ्रेडमध्ये बसून सगळ्यांची नोंद तुम्हीच केलीत, म्हणून सगळं त्याच्याच नावावर. थ्रेड सुरू झाला की त्यानं आतून, स्वतः नोंद करायची."

त्यानं दोन ओळी हलवल्या. पट्ट्या उमलल्या, एकीखाली एक…

तो पट्ट्यांकडे बघत नव्हता.

पंप ▬▬▬ ▬▬ राबतोय
झडप ▬ · · ▬ थांबत थांबत
भाविका · · · · चहाला आज हा आला कसा नाही

उन्हाळा असाच सरकला. एका शुक्रवारी धरणगावहून आईचा फोन आला.

"धुळ्यानी कमलबाई बोलनी, भाचाना लगीनसाठे. तुन्याच हापिसमधला पियुष शे म्हने. रविवारले तुले देखाले येतस म्हने, काय सांगू?"

भाविका मोहरली… आणि मग काहीतरी खुपलं. त्याची आत्या बोलली, आई बोलली. तो? रोज शेजारी बसून गप्प. असंच असेल तर ती नाही म्हणणार होती.

"आत्याबाईंचा फोन आला होता," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. "हो… म्हणजे, पद्धत आहे ना."

"नोंद बाहेरून झाली."

तो स्क्रीनकडे वळला. खुडबुड. सगळ्यात खाली एक नवी पट्टी उगवली —

पियुष · · · · · · वाट पाहतोय

हसू आलं तिला. तिनं ते दाबलं. "हे तर प्रोग्राम बोलला. तुम्ही?"

तेवढ्यात वीज गेली. पट्ट्या विझल्या, कूलर घरघरत थांबला. ज्याच्या आड लपावं असं काहीच उरलं नाही. ऑफिसात कायम पुस्तकी बोलणारा तो घरच्या बोलीत, अगदी हळू म्हणाला,

"माले तू आवडस."

…

"आईला आजच सांगते," ती म्हणाली. मग थोडं जवळ सरकून — "पुन्हा म्हण ना. कूलर सुरू व्हायच्या आत."